पंखा खाली की वर : मावळच्या हवेतील एक वाद

मेजावरच्या संगणकाच्या खोक्यात, म्हणजे बाजारात ज्याला कॅबिनेट म्हणतात त्या पत्र्याच्या पेटीत, वीजपुरवठ्याचा एक वेगळा डबा बसवलेला असतो आणि दुरुस्तीच्या दुकानात तो एसएमपीएस या नावाने ओळखला जातो. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे हे त्याचे काम असून, या रूपांतरात जी वीज वाया जाते ती उष्णता होऊन त्याच डब्यात साठू पाहते, म्हणून त्याला स्वतःचा पंखा दिलेला असतो. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या प्रमाणानुसार डब्याची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर असते. पंखा आजकाल बहुधा १२० मिलिमीटर व्यासाचा किंवा त्याहून मोठा असून तो डब्याच्या रुंद बाजूवर आडवा बसवलेला असतो. तो हवा आत ओढतो आणि ती हवा मागच्या जाळीतून खोक्याबाहेर पडते. पूर्वी हा डबा खोक्याच्या माथ्याशी असे. तो तळाशी बसवण्याची पद्धत रूढ झाल्यापासून जुळणी करणाऱ्यापुढे एक निवड येऊन ठेपली, ती अशी की पंख्याचे तोंड खाली जमिनीकडे करावे की वर खोक्याच्या पोटाकडे.

प्रश्न किरकोळ वाटतो, आणि खोक्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत त्याचे उत्तर बहुधा एका ओळीत उरकलेले असते : तळाला जाळी असेल तर पंखा खाली. ही ओळ कोरड्या, बंद आणि शक्य तर वातानुकूलित खोलीतला संगणक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. मावळ तालुक्याची गोष्ट निराळी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, घाटाच्या अगदी कडेला वसलेल्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगावकडे सरकावे तसे हे प्रमाण झपाट्याने उतरते. लोणावळा आणि वळवणच्या तलावांत अडवलेले हेच पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. विजेच्या इतिहासात या पावसाचे नाव मानाने घेतले जाते, विजेवर चालणाऱ्या उपकरणांच्या दुरुस्तीत मात्र त्याचा उल्लेख वेगळ्याच सुरात होतो.

पुढील संवादातले दोन्ही वादी कल्पित आहेत. एक इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक असून पंखा खालीच हवा असे त्यांचे मत आहे. दुसरा लोणावळ्याच्या बाजारपेठेत दुरुस्तीचे टेबल चालवणारा तंत्रज्ञ असून, मावळात पंखा वर केलेला बरा, असे तो मानतो. वादाला तोंड फुटण्याआधी दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे, आणि ते येथेच नोंदवणे सोयीचे, कारण पुष्कळ खोक्यांत निवडीला जागाच नसते. डबा माथ्याशी बसवायचा असेल आणि माथ्याच्या पत्र्याला छिद्रे नसतील तर पंखा खाली, म्हणजे खोक्याच्या आत, तोंड करूनच बसवावा लागतो. डबा तळाशी असून तळाचा पत्रा सलग असेल तर पंखा वरच करावा लागतो. आणि तळाच्या डब्यावर झाकणासारखा पत्रा असून त्याला जाळी नसेल तर पंखा वर करणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे. म्हणून पुढचा सारा वाद फक्त त्या खोक्यांपुरता आहे ज्यांच्या तळालाही जाळी आहे आणि वरूनही हवा येऊ शकते.

अध्यापक : डबा तळाशी आणण्याचा हेतूच मुळी असा होता की त्याने खोक्यातली तापलेली हवा घेऊ नये. जुन्या रचनेत माथ्यावरचा डबा प्रोसेसरभोवतीची गरम हवा ओढून बाहेर टाकी, म्हणजे स्वतःला थंड करण्याबरोबर दुसऱ्याची उष्णता वाहण्याचेही काम त्याच्याकडे होते. एटीएक्सच्या पहिल्या मांडणीत तर याच्या उलट, बाहेरची हवा आत घेऊन ती प्रोसेसरवर फुंकावी अशी कल्पना होती. ती पुढे मागे पडली. पंखा खाली ठेवला की डबा खोलीतली हवा घेतो आणि मागून सोडतो, त्यामुळे खोक्यात काय शिजते आहे याच्याशी त्याचा संबंध राहत नाही.

तंत्रज्ञ : संबंध राहत नाही हे खरे, पण त्याने नेमका फायदा किती होतो, सर? कार्यालयातला साधा संगणक ऐंशी-शंभर वॉटच्या वर क्वचित जातो, त्याच्या पोटातली हवा तापून तापून किती तापणार?

या प्रश्नाला अध्यापक आकड्यांत उत्तर देतात. डब्याची कार्यक्षमता म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी जेवढी संगणकाला पोहोचते तेवढा भाग. ती ८५ टक्के असेल आणि संगणकाला ३०० वॉट लागत असतील तर भिंतीतून सुमारे ३५३ वॉट घेतले जातात आणि ५३ वॉट डब्यात उष्णता होऊन उरतात. एवढी उष्णता वाहून नेताना हवा दहा अंशांनी तापू द्यायची म्हटले तर तासाला सोळा-सतरा घनमीटर हवा पुरते, आणि ते काम १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही करतो. आता ग्राफिक्स कार्ड जोरात चालणाऱ्या खोक्याच्या पोटातली हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंश अधिक गरम असू शकते, आणि पंखा वर असेल तर डब्याचा हिशेब त्या चढ्या तापमानापासून सुरू होतो. याचा मार बसतो तो कपॅसिटरांवर. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवून प्रवाहातले चढउतार सपाट करणारा घटक. डब्यातल्या मोठ्या कपॅसिटरांत द्रव विद्युतविघटक असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २,००० तास टिकेल असे ज्याच्यावर छापलेले असते तो स्वस्त कपॅसिटर ६५ अंशांना ८,००० तास आणि ५५ अंशांना १६,००० तास चालावा. दिवसाला आठ तास धरले तर पहिल्या स्थितीत तीन वर्षेही भरत नाहीत आणि दुसऱ्या स्थितीत साडेपाच वर्षे निघतात. १०५ अंशांचा कपॅसिटर घेतला तर हेच आकडे चौपट होतात.

तंत्रज्ञ : म्हणजे चांगला डबा घेतला तर पंखा कुठेही असला तरी संगणक जुना होऊन अडगळीत जाईपर्यंत कपॅसिटर टिकतो, आणि हलका घेतला तरच दिशेने फरक पडतो. मग गिऱ्हाइकाला दिशा शिकवण्यापेक्षा बरा डबा घ्यायला सांगणे सोपे. शिवाय हा हिशेब नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात जेवढा लागू पडतो तेवढा इथे नाही. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर खोलीत बावीस-चोवीस अंश असतात. जे दहा अंश तुम्ही पंख्याच्या दिशेतून मिळवू पाहता ते घाटाने आधीच दिलेले आहेत.

अध्यापक : घाटाने थोडे काढूनही घेतले आहेत. या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ असते आणि पंखा हवेचे आकारमान हलवतो, वस्तुमान नव्हे.

तंत्रज्ञ : दहा अंशांचे साडेदहा-पावणेअकरा होतील, तेवढ्याने कोणाचा डबा दुकानात येत नाही.

येथे एक गैरसमज दोघेही मिळून बाजूला सारतात. गरम हवा वर जाते, तेव्हा पंखा वर केला की निसर्गाला मदत होते, असे ग्राहक हमखास म्हणतात. मुळात पंखा वर असताना तो हवा वरून खाली ओढतो, म्हणजे निसर्गाच्या उलटच काम करतो; पण तेही बाजूला ठेवले तरी दहा अंशांनी तापलेल्या हवेच्या दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभातून मिळणारा उचल-दाब ०.०४ पास्कलही भरत नाही, तर साधा १२० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात दहा-वीस पास्कलचा दाब उभा करतो. पंखा फिरतो आहे तोवर गरम हवेच्या इच्छेला कोणी विचारत नाही. पंखा थांबला तर काय, हा प्रश्न निराळा असून त्याच्याकडे पुढे वळावे लागेल.

तंत्रज्ञाचा खरा मुद्दा उष्णतेचा नाहीच, तो जमिनीचा आहे. त्याच्या मते दुकानातल्या गल्ल्याखाली, शाळेच्या कार्यालयात, घरातल्या लाकडी टेबलाच्या पायाशी, अशा सर्वत्र संगणकाचे खोके फरशीवर ठेवलेले असते आणि खोक्याचे पाय एक-दोन सेंटिमीटरहून उंच क्वचितच असतात. पावसाळ्याच्या तोंडाला शहाबादी फरशी हवेपेक्षा थंड असते आणि तिच्यावर ओल धरते. खोलीतली सर्वांत थंड आणि म्हणून सर्वांत दमट हवा त्याच दोन सेंटिमीटरांत असते. पंखा खाली ठेवणे म्हणजे डब्याचे नाक त्या ओलीला लावणे. त्यात घरमालकाने फरशी गार लागते म्हणून खाली सतरंजी घातली की खोक्याचे पाय तिच्यात रुततात आणि जाळी बंद होते.

अध्यापक : सतरंजीचा मुद्दा मान्य, ओलीचा नाही. खोलीतली हवा २२ अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पाशी असलेल्या बाष्पाचे प्रमाण, ९५ टक्के धरा. तीच हवा डब्यात शिरून ३५ अंशांना पोहोचली की बाष्प तेवढेच राहते, पण मावण्याची क्षमता दुपटीहून अधिक होते आणि आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते. चालू डबा स्वतःची हवा स्वतः सुकवतो. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, या हवेत २१ अंशांच्या आसपास आहे, आणि चालू डब्यात इतका थंड असा एकही पृष्ठभाग नाही.

तंत्रज्ञ : आणि खिडकीतून धुके घरात येते तेव्हा?

अध्यापक : धुक्यात प्रत्यक्ष थेंबांच्या रूपातले पाणी घनमीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आतच असते, त्याच हवेत अदृश्य बाष्प मात्र अठरा-एकोणीस ग्रॅम. थेंब जाळीपाशीच विरतात. धुके दिसते म्हणून भीती वाटते, एवढेच.

तंत्रज्ञ : हिशेब चालू डब्याचा झाला, सर. दुकान रात्री नऊला बंद होते आणि सकाळी नऊला उघडते. दिवसातले बारा तास डबा बंद असतो आणि तेव्हा तो खोलीइतकाच थंड आणि खोलीइतकाच ओला असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सकाळी बटण दाबले आणि फट्ट आवाज होऊन लाइट गेली, अशी तक्रार घेऊन येणारी खोकी दिवसभर चाललेली नसतात, रात्रभर बंद राहिलेली असतात. आणि त्यांच्यात नुसती ओल नसते. डबा उघडून पाहिला तर पट्टीवर, म्हणजे सगळे घटक जोडलेल्या सर्किट बोर्डावर, राखाडी लेप दिसतो.

वादाचा हा भाग सर्वांत समृद्ध असल्याने येथे थोडे थांबायला हवे. मावळात भाताची रोपे तयार करण्यासाठी उन्हाळ्यात राब भाजतात : रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, छाटलेला पाला, पाचोळा आणि गवत यांचे थर देऊन, वर माती पसरून ते जाळले जाते. त्याच महिन्यांत डोंगरउतारांवर वणवे लागतात, आणि महामार्गालगतच्या बांधकामांची धूळ तर बारमाही असते. लाकूड आणि पाला जळून होणाऱ्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. हा क्षार हवेतले बाष्प इतक्या आवडीने शोषतो की दमट हवेत तो स्वतःच विरघळून बसतो, आणि विरघळलेला क्षार वीज वाहतो. म्हणजे मार्च ते मे या काळात पंख्याने ओढून डब्यातल्या पट्टीवर पसरलेला लेप तेव्हा निरुपद्रवी असतो, आणि मृगाचा पाऊस आल्यावर तोच लेप वाहक होतो. धूळ एका ऋतूत येते आणि बिघाड दुसऱ्या ऋतूत होतो, त्यामुळे दोष सगळा पावसाच्या माथी मारला जातो.

प्रमाणशास्त्राला हा प्रकार अपरिचित नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०६६४ या मानकात परिसराच्या प्रदूषणाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. दुसऱ्या पायरीत धूळ अवाहक असते आणि क्वचित कधी दव पडून ती तात्पुरती वाहक होऊ शकते, तर तिसऱ्या पायरीत धूळच वाहक असते किंवा दवामुळे ती वाहक होईल हे गृहीतच धरावे लागते. घरगुती व कार्यालयीन उपकरणे बहुधा दुसऱ्या पायरीसाठी आखलेली असतात. दोन उघड्या धातुबिंदूंमध्ये पट्टीच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर २५० व्होल्टला, नेहमीच्या फायबरच्या पट्टीवर आणि मूलभूत विद्युतरोधनासाठी, दुसऱ्या पायरीत २.५ मिलिमीटर लागते आणि तिसऱ्या पायरीत ४ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेली पट्टी राखेच्या लेपासह लोणावळ्याच्या जूनमध्ये चार मिलिमीटरच्या परीक्षेला बसते. डब्यातला दाब तर २५० वर थांबत नाही. २३० व्होल्ट एकदिश केले की ३२५ च्या आसपास जातात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे मंडल असेल तर ते ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवले जातात.

तंत्रज्ञाने हा लेप मांडला तो पंखा वर असावा या आपल्या मताच्या पुष्टीसाठी : जमिनीलगतची धूळ आणि राख खालच्या पंख्याला थेट मिळते, वरच्या पंख्याला मात्र आधी खोक्याच्या पुढच्या जाळीतून गाळलेली हवा मिळते. परंतु अध्यापकांनी याच लेपाचा उपयोग उलट बाजूने केला, आणि तो युक्तिवाद या संपूर्ण वादातला सर्वांत कमी ऐकू येणारा व सर्वांत वजनदार आहे.

अध्यापक : डबा उघडल्यावर पट्टी कोणत्या बाजूला दिसते? पंख्याच्या समोरच्या भिंतीला. सगळे घटक पंख्याकडे तोंड करून उभे असतात. म्हणून पंखा वर केला की पट्टी डब्याच्या तळाशी येते, घटक आकाशाकडे बघतात, आणि संगणक बंद झाल्यावर हवेत तरंगणारे जे काही खाली बसते ते पट्टीवर बसते. पंखा खाली केला की पट्टी छताला उलटी टांगल्यासारखी होते. घटक खाली लोंबतात आणि बसणारी धूळ जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर किंवा खोक्याच्या तळावर जाते. तुमच्या राखाडी लेपातला बसलेला भाग पंख्याच्या दिशेने नक्की कमी होतो, वाऱ्याने चिकटवलेला भाग राहतो.

तंत्रज्ञ : वाऱ्याने चिकटणाराच भाग जास्त असतो.

अध्यापक : असेल. पण सुटलेला स्क्रू वाऱ्याने येत नाही. खोक्यात काम करताना हातून निसटलेला स्क्रू वर तोंड केलेल्या जाळीतून सरळ चारशे व्होल्टच्या पट्टीवर पडू शकतो.

यावर तंत्रज्ञ गप्प राहिला असता तर संवाद तिथेच संपला असता, पण त्याच्यापाशी अजून एक गोष्ट होती आणि ती माणसांच्या सवयीची होती. खाली तोंड केलेल्या पंख्यासाठी खोक्याच्या तळाला बारीक जाळीची गाळणी दिलेली असते. ती मागून किंवा बाजूने सरकवून काढता येते, ब्रशने झाडता येते आणि पाण्याखाली धुऊन वाळवता येते. हे सगळे येते, पण करतो कोण? खोक्याची पुढची जाळी डोळ्यांसमोर असते, ती काळी पडली की घरातले कोणीतरी निदान फडके फिरवते. तळाची गाळणी दृष्टीआड असते, आणि ती आहे हेच बहुसंख्य मालकांना ठाऊक नसते. ती तुंबली की पंखा जोर लावून फिरतो, आवाज वाढतो, आवाजाची सवय होते, आणि डबा उष्णतेने मरतो. पंखा वर असलेल्या खोक्यात निदान अशी लपलेली जागा नसते. तंत्रज्ञाचे म्हणणे थोडक्यात असे की, जो मालक कधीच झाडणार नाही त्याच्यासाठी गाळणी हे संरक्षण नसून बूच आहे.

अध्यापक : मालकाच्या आळसावरून अभियांत्रिकीचा नियम ठरवायचा का?

तंत्रज्ञ : दुरुस्तीच्या टेबलावर येणारी खोकी आळशी मालकांचीच असतात, सर. जे झाडतात ते येत नाहीत.

हे उत्तर चटपटीत आहे, पण त्यातच तंत्रज्ञाच्या भूमिकेची मर्यादाही दडलेली आहे, कारण दुकानात जे येते त्यावरून जे येत नाही त्याचा निवाडा करता येत नाही. पंखा खाली, खोके टेबलावर आणि गाळणी स्वच्छ असे जे संगणक वर्षानुवर्षे निमूट चालत आहेत ते त्याच्या टेबलावर कधी दिसणारच नाहीत. दुसरीकडे अध्यापकांचा संगणक सदैव टेबलावर असतो आणि मावळातला बहुधा जमिनीवर, हेही तितकेच खरे आहे. दोघेही पंख्याच्या दिशेबद्दल भांडत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात भांडण जाळीखालच्या वीतभर जागेबद्दल आहे. खोके जमिनीपासून वीतभर उचलले, मग ते टेबलावर असो, लाकडी पाटावर असो की विटांवर टाकलेल्या फळीवर, की जमिनीवरची ओल, झाडूने उडणारा केर, सतरंजी, आणि पावसाळ्यात भिंतीच्या कडेने चालणाऱ्या मुंग्या व झुरळे या सगळ्यांचा प्रभाव एकदम उतरतो, आणि तंत्रज्ञाच्या हरकतींपैकी फक्त गाळणीची हरकत उरते. फळीलाही जाळीखाली मोकळी जागा हवी, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या लेखाचा कौल अध्यापकांच्या बाजूला जातो, पण त्यांनी सुरुवातीला दिलेल्या उष्णतेच्या कारणासाठी नव्हे. लोणावळ्यात उष्णतेचा फायदा थोडा आहे हे तंत्रज्ञाचे म्हणणे बरोबर आहे. उलटी टांगलेली पट्टी हे मावळच्या राखेच्या हवेत पंखा खाली ठेवण्याचे अधिक सबळ कारण आहे. खोके उचलता येत असेल आणि वर्षातून एकदा गाळणी निघत असेल तर पंखा खाली असावा. खोके जमिनीवरच राहणार आणि कोणी वाकून पाहणार नाही असे ठाऊक असेल तर तंत्रज्ञाचे ऐकावे, पंखा वर करावा, आणि खोक्यात काम करताना डब्यावर कागदाचा तुकडा पसरावा, म्हणजे स्क्रू जाळीत जाणार नाही; काम संपल्यावर तो कागद आठवणीने काढणे मात्र स्क्रू सांभाळण्याहून महत्त्वाचे.

झाडण्याची वेळ तर मावळात ठरलेलीच आहे. राब भाजून झाल्यावर आणि मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पिन काढून, पंख्याचे पाते काडीने अडवून, बाहेरूनच हवेच्या झोताने डबा साफ करावा; पाते मोकळे सोडले तर झोताने ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. घरी डबा उघडू नये, कारण पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत तीनशे-चारशे व्होल्टचा भार काही काळ टिकून राहू शकतो. तो उघडून लेप पुसणे हे तंत्रज्ञाचे काम, आणि दिवाळीच्या साफसफाईबरोबर हे काम काढणाऱ्यांना तो नेहमी सांगतो की दिवाळीपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

राहिला पंखा थांबण्याचा प्रश्न. कमी भाराला पंखा अजिबात न फिरवणारे डबे आता सर्रास मिळतात. त्यांत ठरावीक भार किंवा तापमान ओलांडेपर्यंत पंखा स्तब्ध असतो आणि तोवर उष्णता आपल्या पायांनीच बाहेर पडते. मघाशी हास्यास्पद ठरवलेला ०.०४ पास्कलचा दाब येथे एकमेव चालक ठरतो. जाळी वर असेल तर गरम हवा तिच्यातून वर निसटते, जाळी खाली असेल तर ती उलट्या पट्टीशी कोंडून बसते, आणि मग पंखा मधूनमधून सुरू होऊन पुन्हा थांबत राहतो. पंखाच नसलेल्या डब्यांबाबत काही उत्पादक जाळी वर ठेवण्याची सूचना देतात ती याच कारणाने. अशा डब्याच्या बाबतीत अध्यापकही पंखा वर करायला राजी आहेत. तंत्रज्ञ मात्र येथे अनपेक्षितपणे बाजू बदलतो. त्याच्या मते मावळात असा डबा घेतला तर त्याची पंखा थांबवण्याची सोय बटणाने बंद करावी, कारण फिरणारा पंखा पट्टीवरून सतत किंचित उबदार हवा नेत राहतो आणि पावसाळ्यात ती वाहती हवा आवाजाच्या त्रासापेक्षा मोलाची असते. बटण असेल तर हा सल्ला बिनतोड आहे, आणि बटण आहे की नाही हे डबा घेतानाच पाहिलेले बरे.

शेवटी वाद पोहोचतो तो शनिवार-रविवारच्या बंगल्यांपाशी. लोणावळा, खंडाळा आणि पवना धरणाच्या काठाने अशी कितीतरी घरे आहेत जी आठवडेच्या आठवडे बंद असतात आणि ज्यांत कोणीतरी हौसेने मेजावरचा संगणक आणून ठेवलेला असतो. बंद घराच्या भिंती आणि फरशी थंड असतात, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर बुरशी येते, आणि मालक येऊन दारे-खिडक्या उघडतात तेव्हा बाहेरची संपृक्त, किंचित उबदार हवा आतल्या थंड धातूला भिडते. दव पडायचे ते नेमके या घडीला पडते, आणि मालक याच घडीला संगणक सुरू करतात.

अध्यापक : पिन भिंतीत ठेवून डब्याचे मागचे बटण चालू ठेवले तर आतले ५ व्होल्टचे राखीव मंडल जागे राहते. त्याची उष्णता अर्धा-एक वॉट एवढीच असते, पण बंद डब्यात एक-दोन अंशांचा फरक पडला तरी दव टळते.

तंत्रज्ञ : आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा बंगल्यात पिन काढायला कोण असते? एक वॉटच्या उबेसाठी अख्खा संगणक पणाला लावायचा?

येथे तंत्रज्ञाचेच बरोबर आहे. पिन काढून ठेवावी, खोके बाहेरच्या भिंतीपासून सोडून माडीवरच्या खोलीत ठेवावे, आणि आल्यावर छताचा पंखा लावून खोलीतल्या वस्तू खोलीइतक्या उबदार होईपर्यंत, म्हणजे तास-दोन तास तरी, बटणाला हात लावू नये. डबा कोणत्या बाजूला तोंड करून आहे याने या घरात फारसे काही बिघडत वा सुधारत नाही.

अध्यापक : मग अशा बंगल्यासाठी कोणी दिशा विचारायला आले तर दुकानात काय सांगता?

तंत्रज्ञ : दिशा सांगितलीच जात नाही, सर. लॅपटॉप घ्या आणि जाताना सोबत न्या, एवढेच सांगितले जाते.